रेघेखालचं पाणी

मशिदीच्या भोंग्यातून फारूकच्या मरणाची बातमी आली तेव्हा शांतवनचा एक गाल भादरून झाला होता आणि दुसऱ्यावर साबण होता. भोंगा आधी खाकरला, मग नाव, मग बापाचं नाव, मग लोकांना नीट कळावं म्हणून 'सीट कव्हरवाले', आणि शेवटी, जनाजा दुपारी जोहरच्या नमाजानंतर उठेल. शांतवन आरशात बघत राहिला. अर्धं आयुष्य एका दुकानात मांडीला मांडी लावून बसलेला माणूस गेला म्हटल्यावर पोटात काहीतरी तुटायला पाहिजे, डोळे भरायला पाहिजेत. ते सगळं मागून आलं, सावकाश. पहिल्यांदा डोक्यात आली ती न्हाणी. मयताला आंघोळ घालतात. आंघोळीला पाणी लागतं. आणि लगेच त्याची नजर वर गेली, जिथून टाकीचा पाईप भिंतीवरनं खाली उतरत होता तिकडं. हातातल्या वाटीत दाढीचं पाणी होतं, घोटभर. त्या उन्हाळ्यात लातुरात सगळ्यांच्याच दाढ्या वाटीत व्हायच्या आणि वाटीतलं पाणी कढीपत्त्याच्या झाडाला जायचं, साबणासकट. झाडाला फेस यायचा तेवढा बाकी होता.

भिंतीपलीकडं बायकांचं रडणं चढत गेलं, आणि त्यातूनच फारूकच्या बायकोचा, रजियाभाभीचा आवाज आला. घसा बसलेला, पण आवाज कामाचा. "शांतवनभाई. अजी शांतवनभाई. कॉक बंद है क्या उधर से? नल में पानी नै आ रा. गुस्ल देने वाले आको बैठे."

"हवा भरली असंल भाभी," शांतवन म्हणाला. "बघतो मी."

खोटं बोलायला त्याला विचार करावा लागला नाही. जन्मभर लोकांच्या फिरक्या घेतलेली जीभ, ती सवयीनंच वळली. स्वयंपाकघराच्या दारात सिंधु उभी होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं, त्याच्या एका बाजूच्या साबणाकडं बघितलं. "अजून सांगितलं न्हाई तुम्ही त्यांना," ती म्हणाली. प्रश्न नव्हताच तो. शांतवन जिना चढला.

टाकी दोन घरांत एक होती. फारूकच्या घरावर पत्रे, ते वजन पेलणार नाहीत, म्हणून ती काळी टाकी शांतवनच्या गच्चीवर बसवली, पाईप दोन्ही घरांत सोडले आणि कॉक शांतवनच्या बाजूला राहिला. बसवली त्याच दिवशी फारूक दुकानातला पांढरा ऑइलपेंट घेऊन वर आला, मधोमध एक आडवी रेघ मारली आणि म्हणाला, "ऊपर का मेरा, नीचे का तेरा. आता भांडू नको." भांडण तर त्या रेघेनंच लावलं. शांतवननं दुसऱ्या दिवशी दुकानात विषय काढला: कमी होतं ते वरून होतं, म्हणजे आधी तुझंच पाणी संपायलंय, फारूकमियाँ. फारूकनं तोंडातला दोरा तोडला. "नल कहाँ है? नीचे. निकलता कौन सा? नीचे का. तेरा जा रा शांत्या, मेरा तो ऊपर बैठको तमाशा देख रा." हा खटला किती वर्षं चालला म्हणून सांगावं. सीट कव्हर बसवून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी न्यायाधीश करायचे आणि मगच त्याच्या गाडीला हात लावायचे. अहमदपूरचा एक मास्तर तर कागदावर टाकी काढून दोघांना समजावत बसला, आणि तेवढ्या वेळात ह्या दोघांनी त्याच्या गाडीला एका बाजूनं लाल अन् एका बाजूनं हिरवं कव्हर चढवून दिलं. मास्तर तसाच गेला. त्याला घरी जाईपर्यंत कळलं नसावं.

आता शांतवन टाकीजवळ बसला आणि बोटाच्या पेरानं त्यानं रेघेच्या खाली टकटक केलं. भरलेली टाकी मुकी असते. रिकामी बोलते. ही बोलली. आणखी खाली, पार बुडाशी केलं, तिथंही बोलली. काल संध्याकाळीही त्यानं असंच येऊन टकटक केलं होतं, सिंधुला कळू नये म्हणून हळू, आणि त्याआधी, लाज वाटेल अशी गोष्ट, डोळे मिटून प्रार्थना केली होती. कारण त्यांच्या मंडळीच्या पास्टर रेवणसिद्धनं ती गोष्ट सांगितली होती, दुष्काळातल्या त्या विधवेची. घरात मूठभर पीठ उरलेलं, ते तिनं आधी देवाच्या माणसाला खायला करून घातलं आणि मग तिच्या मडक्यातलं पीठ सरलंच नाही. शांतवन पन्नाशीचा माणूस. चमत्कार म्हणजे टाकीत आभाळातून धार लागते असं मानणारा नव्हे. पण काल त्यानं टकटक करताना श्वास धरला होता, हे खरं. आवाज थोडा जड येईल, एवढंच त्याला पाहिजे होतं. थोडा.

त्याच्या घराण्यात पाण्याचा एवढा खर्चच नव्हता. आजोबांपासून सगळे शिंपडणारे. जळकोटच्या जुन्या चर्चात पाळकसाहेब तीन बोटं पाण्यात बुडवून लेकराच्या टाळूला लावायचे आणि लेकरू ख्रिस्ती व्हायचं, वाटीभर पाण्यात अख्खं गाव उरकायचं. लातुरात आल्यावर शांतवन ह्या नव्या मंडळीत गेला, औसा रोडच्या बाजूला, पत्र्याच्या सभागृहात. हे बुडवणारे. माणूस पुरा पाण्याखाली गेला पाहिजे, जुना माणूस तिथं मेला पाहिजे आणि नवा वर आला पाहिजे. फारूकला हे कळल्यावर तो कात्री खाली ठेवून हसला होता. "तुमचे पहिलेवाले अच्छे थे रे. सस्ते में काम होता था. दुष्काळी मुलखात बुडवनेवालों के पास कायकू गया तू?" आधी मंडळी मांजरेवर जायची, पण नदीत आता पोरं क्रिकेट खेळत होती. म्हणून पास्टरनं आवारात हौद बांधून घेतला. हौद झाला, गिलावा झाला, पाणी नव्हतं. गुरुवारच्या प्रार्थनेत रेवणसिद्धनं विचारलं, ह्या रविवारी, पुनरुत्थानाच्या दिवशी, लेकरं बाप्तिस्म्याला उभी राहणार आहेत, कुणाच्या मनात देव बोलतोय का? देव कुणाच्याच मनात बोलत नव्हता. सगळे आपापल्या पायांच्या बोटांकडं बघत होते, कारण प्रत्येकाच्या डोळ्यासमोर घरचा ड्रम होता. त्या लेकरांत शांतवनची शिल्पा होती. तो उभा राहिला. "माझ्याकडं टाकी हाय, पास्टर," तो म्हणाला, "अर्धी माझी, अर्धी मुसलमानाची. माझी अर्धी घ्या, तेवढं आपल्या देवाच्या हिशेबात बसतंय." सगळे हसले. लोक हसले की शांतवनला आपण बरोबर बोललो असं वाटायचं, लहानपणापासून.

सिंधु हसली नव्हती. "देवाला पाणी कमी पडायलंय का?" एवढंच ती म्हणाली होती, आणि भाकरी थापत राहिली होती.

शनिवारी टेम्पोत ड्रम भरले. शांतवननं टकटक करत करत रेघेपर्यंत पाणी सोडलं आणि प्रामाणिकपणे कॉक बंद केला. हौदात ते पाणी ओतलं तर गुडघ्याएवढं झालं. रेवणसिद्ध पँट वर करून त्यात उभा राहिला, बिचारा सरळ माणूस, चेहऱ्यावर चिंता. "एवढ्यात माणूस बुडवायचा कसा भाऊ? आडवा घालावा लागंल, चादर धुतल्यासारखा. अर्धा बाप्तिस्मा नसतो." अर्धा बाप्तिस्मा नसतो. म्हणजे अर्ध्या टाकीचं अर्पणही नसतं, दिलं तर सगळं, नाहीतर दिलेलंही वाया. रिकामा टेम्पो परत आला आणि शांतवन टाकीकडं जायच्या आधी पलीकडं फारूकपाशी गेला. फारूक खाटेवर. दोन वर्षांपूर्वी वारं गेलं त्याच्यावरनं, उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि पाठीला जखमा झाल्या होत्या त्या रजिया रोज दोनदा कोमट पाण्यानं पुसायची. टाकीतलं पाणी ती घागरीत भरून त्याच्यासाठी राखायची, स्वतः दोन-दोन दिवस आंघोळ टाळायची. हे शांतवनला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच रजिया आत गेल्यावर त्यानं विचारलं. "काय फारूकमियाँ, तुझं वरचं पाणी पण देवाला देऊन टाकू का? सोमवारी नळ येणार हाय. परत भरतो. तुझा खटला बी मिटला, आता कुणाचं आधी जातंय त्याचा सवालच न्हाई." फारूकचा डावा गाल वर ओढला गेला. हसला. हसला म्हणजे हो म्हणाला, तीस वर्षांचा त्यांचा करारच तसा होता, दुकानात कितीतरी गोष्टी त्यांनी अशाच ठरवल्या होत्या. शांतवन उठला आणि त्यानं कॉक सोडला.

आता गच्चीवर, रिकाम्या टाकीला पाठ लावून बसल्यावर, त्याला त्या गालाचं दुसरंच काहीतरी आठवत होतं. वारं गेल्यापासून तो गाल कशानंही ओढला जायचा. माशी बसली तरी. जखम पुसताना दुखलं तरी. रजियाच म्हणाली होती एकदा, "भाई, दुखता तो भी हँसते जैसे दिखते. मेरे को समझता नै."

खाली गल्लीत नळ आला नव्हता. सोमवार होता, पण नळ आला नव्हता, आणि लोक म्हणत होते आता येणारच नाही, आता रेल्वेनं पाणी आणणार. शांतवन उतरला, दोन निळे कॅन उचलले, गाडीला दोन्हीकडं बांधले. "कुठं?" सिंधुनं विचारलं. "हौदात हाय की अजून," तो म्हणाला. ती म्हणाली, "साबण तरी पुसा तोंडाचा." त्यानं बाहीनं पुसला. अर्धी दाढी तशीच राहिली.

गोलाईच्या चौकाला वळसा घालून जाताना रिकामे कॅन गाडीवर ढब-ढब वाजत होते, टाकीसारखेच. असेच ते दोघे रेक्झिनचे गठ्ठे लादून फिरायचे. एकदा रेक्झिन आणायला नांदेडला गेले, फारूकच्या पोराला, मुज्तबाला तिथं नोकरी लागली होती तेव्हा, आणि परतीच्या एसटीला वेळ होता म्हणून गोदावरीच्या पुलावर जाऊन उभे राहिले. नदी काठोकाठ. लातूरची दोन माणसं कठड्याला धरून येड्यासारखी बघत होती. बऱ्याच वेळानं फारूक म्हणाला, "इत्ता पानी, और एक बी रेघ नै." शांतवन हसला होता. तेव्हा त्यात फक्त हसण्यासारखंच होतं. त्या आठवणीवर त्याचं रडू आलं शेवटी, सिग्नलला, आणि शेजारच्या रिक्षावाल्यानं त्याच्या अर्ध्या भादरलेल्या तोंडाकडं बघून मान फिरवली. फारूकनं हे तोंड बघितलं असतं तर आठवडाभर पुरवलं असतं. एक बाजू त्याची गेलेली, एक बाजू ह्याची राहिलेली, दोघं मिळून एक धड माणूस झाला असता.

हौदावर ताडपत्री टाकलेली होती. रेवणसिद्धनं ती सारली. पाणी होतं, कमरेच्या खालपर्यंत, पण त्यात काल माणसं उतरली होती. वर धुळीची साय, बुडाशी पायांची माती, कडेला खोबरेल तेलाचे डोळे तरंगत होते. इथंच काल शिल्पा पाठमोरी गेली आणि नाकातोंडात पाणी घेऊन वर आली, केस मोकळे, आणि 'हालेलूया'च्या गजरात ती पाण्यात हातानं चाचपत होती कारण तिची केसातली क्लिप पडली होती, लाल, फुलपाखराची. "राहू दे बाळा," पास्टर म्हणाला होता, "जुनं ते इथंच राहू दे." मग शांतवनला साक्ष द्यायला पुढं बोलावलं होतं. काय बोलला तो? "टाकी रिकामी झाली, आता डायरेक्ट वरच्या टाकीला नळ जोडलाय, बिल बी येत न्हाई." लोक हसून हसून रडले होते. बायकांनी पदर तोंडाला लावले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं होतं की आपलं चेष्टा करणं आणि आपला विश्वास एकाच जागी आले. केवढं हलकं वाटलं होतं.

"मयताच्या आंघोळीला हे?" रेवणसिद्ध म्हणाला. तो मग्ग्यानं वरची साय सारून कॅन भरायला लागला, स्वतः. "न्या भाऊ. पाणी तुमचंच होतं. पण त्यांना सांगा, हे कुठलं पाणी ते. त्यांचं पाक-नापाक असतंय. न सांगता देऊ नका."

"पाणी माझं न्हवतं," शांतवन म्हणाला.

पास्टरचा हात थांबला. त्यानं शांतवनकडं बघितलं आणि त्याला हळूहळू कळत गेलं. त्यानं कॅनच्या तोंडावर हात ठेवला, डोळे मिटले. "प्रभू..."

"पास्टर, प्रार्थना नका करू ह्याच्यावर," शांतवन म्हणाला. "मुसलमानाला न्यायचंय."

पुढच्या रविवारी किल्लारीचे काही लोक बाप्तिस्म्याला येणार होते, ते रेवणसिद्ध बोलला नाही. नुसती ताडपत्री ओढून घेतली आणि दगड ठेवले. गाडी चालू करताना शांतवनला वाटलं की आपण कुणीतरी अर्पण टाकलेल्या पेटीतून काढून नेतोय, आणि त्याच वेळी, ज्याचं त्याला परत नेतोय. दोन्ही खरं होतं आणि दोन्हीनं बरं वाटत नव्हतं. रस्ताभर त्यानं सांगायची वाक्यं जुळवली. भाभी, हे टाकीचंच पाणी आहे, फक्त. फक्त काय? फक्त त्यात माणसं बुडवली. भाभी, तुमच्या वाट्याचं पाणी मी आमच्या देवाला दिलं, आणि देवानं. देवानं काय केलं? देवानं काही केलं नव्हतं. तेच सांगायला जीभ वळत नव्हती.

गल्लीत वळला तर आंघोळ झालेली होती. त्याच्या घराच्या ओट्यावर केवळाबाई बसलेली होती, कोपऱ्यातल्या घरातली म्हातारी, मांडीवर रिकामी कळशी. "कुठं हिंडायलास रे?" ती म्हणाली. "टाकीवाल्याच्या दाराला मयत, अन् मी दारोदार तांब्या मागत फिरले. घरोघरनं एकेक तांब्या घेतला. त्या वरच्या गल्लीतल्या बाईनं तर लेकराच्या दुधात घालायचं दिलं. झालं बाबा पुरं. चांगली घातली आंघोळ, कापराची." ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. "ही दाढी काय अशी?"

"आमच्या घरनं?" शांतवननं विचारलं.

"सिंधुनं माठ दिला," केवळाबाई म्हणाली. "अख्खा."

आत माठाची तिवई मोकळी होती. सिंधु तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसली होती. शिल्पाही होती, नवा फ्रॉक काढून जुना घातलेला. "पिण्याचं होतं तेवढंच होतं," सिंधु म्हणाली. "दिलं. तुम्ही टाकी दिलीत, मी माठ दिला. आता बघा, कुणाचं सरत न्हाई ते." ती हे भांडून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

रजिया त्याला ओसरीवर भेटली, दोन बायकांच्या आधारानं. त्यानं तोंड उघडलं. "भाभी, ते पाणी..."

"हवा थी ना, भाई," रजिया म्हणाली. "होता है. तुम दौड़को पानी लाए, मैं देखी खिड़की में से. अल्लाह तुमको सवाब देगा. वो कैन मुज्तबा कू दे दो, कबर पे छिड़कने को काम आएगा." तिनं त्याच्या खांद्याला हात लावला, बहिणीसारखा. "पूछते थे तुमको. आँख से. पंधरा दिन से दुकान की बात नै सुनाए बोलको."

कबरस्तान कोरडं ठणठणीत. खड्डा खणणाऱ्यांनी पहाटेपासून सब्बल मारली होती तेव्हा कुठं माती हटली होती, ढेकळं दगडासारखी. शांतवन डोक्याला रुमाल बांधून मागं उभा राहिला. सगळ्यांनी माती दिली, त्यानंही दिली, ओंजळ पुढं केली तेव्हा माती बोटांतून पिठासारखी गळाली. उरलेलं पीठ. मग मुज्तबानं कॅन उचलला. सकाळच्या पहिल्या गाडीनं नांदेडहून आलेला, डोळे सुजलेले, पँटला प्रवासाची धूळ. आता सांगायचं. रेवणसिद्ध म्हणाला होता, न सांगता देऊ नका. शांतवन एक पाऊल पुढं झाला. मुज्तबानं डोक्याकडून पायाकडं पाणी सोडायला सुरुवात केली आणि माती ते घटाघट पीत गेली. ओलसर वास उठला, महिन्यांनंतरचा, आणि सगळी माणसं क्षणभर नुसता वास घेत राहिली. शांतवनही. सांगायचं राहून गेलं. कॅन संपत आला तसा आत काहीतरी खुळखुळलं, तोंडाशी अडकलं, आणि शेवटच्या धारेबरोबर ओल्या मातीवर पडलं. लाल क्लिप, फुलपाखराची.

मुज्तबा वाकला. क्लिप उचलून त्यानं बोटानं चिखल पुसला, उलटीपालटी करून बघितली. शिल्पाला तो लहानपणापासून खांद्यावर घेऊन हिंडला होता.

"शिल्पा का है ना, चाचा?" तो म्हणाला. "टाकी में गिरा होएंगा." आणि मग, शांतवनच्या हातात क्लिप ठेवताना, त्याचा चेहरा जरा सैल झाला, सकाळपासून पहिल्यांदा. "मतलब टाकी का ही था ये पानी. अब्बा का. चलो, अपना पानी मिला उनको."

शांतवनच्या तळहातावर क्लिप होती, ओली. कबरीवरचं पाणी कडेनं आत ओढलं जात होतं, आणि बघता बघता तिथं कोरड्याचा पांढरा काठ दिसायला लागला, रेघेसारखा.

"हाव," शांतवन म्हणाला. "त्याचंच होतं."